जावळीतल्या घराचं छप्पर उतरवायचंय: पुन्हा कौलं, पत्रा की स्लॅब?

मेढ्याची_लेक · १४ जानेवारी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण हा निर्णय घाईत घ्यायचा नाहीये.

आमचं घर मेढ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. आजोबांनी बांधलेलं. पाच खणांचं, पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून गोठ्याची पडवी. भिंती दगडमातीच्या, दोन फूट जाड. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर माळा, आणि सगळ्यात वर मंगलोरी कौलं. आई एकाहत्तरची आहे, तिथेच राहते. पुण्याला माझ्याकडे यायला तयार नाही आणि तिचं बरोबरच आहे.

गेल्या पावसाळ्यात माजघरात नऊ भांडी मांडावी लागली. कारण वानरं. पूर्वी आंब्याच्या दिवसांत यायची, आता बारा महिने टोळी असते. आंब्यावरून थेट आढ्यावर उडी. मे महिन्यात दोघं जण येऊन कौलं चाळून द्यायचे, त्यातले एक वारले आणि दुसऱ्यांना आता शिडी चढवत नाही.

भाऊ मुंबईहून म्हणतो, स्लॅब टाक, कायमची कटकट मिटेल. चुलतभाऊ म्हणतो, पत्रा टाक, आठ दिवसांत मोकळी होशील. एक ठेकेदार बघून गेला, तो म्हणाला, जुनं लाकूड आणि कौलं मला द्या, उतरवायचे पैसे घेणार नाही. माझं मन कौलांवर आहे, पण आईला दरवर्षी भांडी मांडायला लागणार असतील तर मन बाजूला ठेवायची तयारी आहे. दोन्ही पाखी (छपराचे उतार) मिळून छप्पर बारा ब्रास, म्हणजे बाराशे चौरस फूट भरतं. काय करू?

वाईकर_वाडा · १४ जानेवारी

ताई, बाकीचं नंतर. आधी त्या ठेकेदाराला नाही म्हणा.

आमच्या वाड्याचं असंच झालं. "फुकट उतरवतो" म्हणाला आणि आम्ही हो म्हटलं. गेलेल्या लाकडात सागाच्या तुळया होत्या, एकाही सांध्याला खिळा नव्हता, सगळं खाच आणि कुसू. ते लाकूड नंतर कुठल्या किमतीला विकलं गेलं हे कळलं तेव्हा वडील दोन दिवस जेवले नाहीत. उतरवायची मजुरी वेगळी द्या, प्रत्येक वासा मोजून अंगणात रचून घ्या, मग काय विकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

कराडकर_सिव्हिल · १५ जानेवारी

भावाला हे आकडे पाठवा.

पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण २९ किलो. घराचा तळ हजार चौरस फूट धरला तर नुसती स्लॅब २९ टन. मंगलोरी कौल सुक्यात अडीच ते तीन किलोचं असतं आणि ब्रासला एकशे चाळीसच्या आसपास लागतात. म्हणजे बारा ब्रासला सतराशे कौलं, साडेचार-पाच टन. भिजलं की कौल पाणी पितं, तेव्हा त्यात आणखी भर. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा तेवढ्याच छपराला अर्धा टन, खालचा सांगाडा वेगळा.

तुमच्या घराचं हे वजन भिंत आणि खांब मिळून पेलतात. दगडमातीच्या भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही. अशा भिंतीवर एकोणतीस टन ठेवणारा माणूस तुम्हाला भेटेल, काम करूनही देईल, पण ते करू नका. स्लॅबच हवी असेल तर पाया खणून कॉलम उभे करावे लागतील. त्याला छप्पर बदलणं म्हणत नाहीत, ते नवीन घर झालं. शिवाय कोयनेचा पट्टा आय.एस. १८९३ (भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक) च्या २०१६ सालच्या नकाशात झोन चारमध्ये, म्हणजे भूकंपाचा धोका जास्त असलेल्या भागात आहे. भूकंपात जेवढं वजन वर, तेवढा हिसका जास्त.

माझं सांगणं एवढंच: वर काय घालायचं हे आज ठरवू नका. आधी कौलं उतरवा, लाकूड उघडं पडू दे, भिंतीचा माथा बघा. वर काय चालेल ते तिथे उभं राहिल्यावरच कळेल.

कोयनाकाठ · १५ जानेवारी

पाटण तालुक्यातला आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पहाटेची वेळ, थंडी, आम्ही सगळे माजघरात. आवाज आधी आला, डोंगरातून गाडी यावी तसा. मग पश्चिमेची भिंत बाहेरच्या अंगाला पडली, सबंध. छप्पर मात्र खांबांवर तसंच उभं राहिलं. आजी, मी आणि दोन बहिणी त्याच छपराखालून बाहेर आलो. गल्लीत दोन घरं अशी होती की ज्यांच्या वाशांची टोकं नुसत्या भिंतीत खोचलेली होती, आत खांब नव्हते. त्यांचं भिंतीबरोबर सगळंच खाली आलं. त्यांच्याबद्दल जास्त लिहवत नाही.

म्हणून ताई, तुमच्या घरात खांब आहेत ही मोठी गोष्ट आहे. कोणी म्हणेल मधला खांब अडचणीचा आहे, काढून टाकू, हॉल मोठा होईल. काढू नका.

शिराळा_पश्चिम · १६ जानेवारी

मी पत्र्याच्या बाजूने बोलतो, कारण इथे सगळे कौलाकडे झुकलेले दिसतात.

आमच्याकडेही पाऊस असा की जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी कौलं काढून रंगीत पत्रा टाकला. तेव्हापासून एक थेंब आत आलेला नाही. आई एकटी असते. तिला रात्री उठून बादल्या सरकवाव्या लागत नाहीत, "कौलं चाळायला कोण मिळतंय का" म्हणून कुणाच्या दारात जावं लागत नाही. उन्हाळ्यात तापतं, खरं आहे. पावसाचा आवाज एवढा की फोनवर बोलता येत नाही, हेही खरं. पण म्हाताऱ्या माणसाची झोप मला त्याहून मोठी वाटते.

मेढ्याची_लेक · १६ जानेवारी

दादा, तुमचं बोलणं मनाला लागलं. मी इथे पुण्यात बसून "कौलं हवीत" म्हणते आणि भांडी आई मांडते. हे विसरणार नाही.

जतचा_माळ · १६ जानेवारी

आमच्याकडं कौलं न्हाईत, माळवदं हायत. पाऊसच पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळं मातीचं धाबं चालतं. खाली तुळया, त्यावर किलचन (लाकडाच्या बारीक फळ्या), त्यावर पाला आन् वर पांढरी माती. पण एक गोष्ट तुमच्याबी कामाची हाय. आमचे लोक दरसाल पावसाच्या आधी नवी माती टाकतात आन् जुनी खरवडत न्हाईत. चाळीस वर्सांत थर दोन फुटाचा हुतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती अशाच जड माळवदाखाली आन् दगडमातीच्या भिंतीखाली. तवापासून आमच्या घरात नेम हाय, जेवढी नवी टाकायची तेवढी जुनी आधी काढायची.

आन् पत्र्याचं म्हणाल तर आमच्या माळावर वळवाचं वारं बघाया या. नुसते दगड ठिवून बसवलेला पत्रा उडाला तर तो दगड खाली माणसाच्या डोक्यात पडतो. बोल्टानं आवळा, दगडाच्या भरवशावर राहू नका.

मेढ्याची_लेक · २२ फेब्रुवारी

उशिरा लिहितेय, पण आता हातात काहीतरी आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कुठलंही छप्पर ठरवलं नाही. कुडाळकडचे एक सुतारकाका मिळाले, साठीचे आहेत, मुलगा हाताखाली असतो. त्यांनी पहिल्या दिवशी एकही कौल हलवलं नाही. माळ्यावर चढले आणि हातोडीच्या दांड्याने एकेक वासा वाजवत गेले. जिथे टणक आवाज आला तिथे खडूची रेघ, जिथे भद्द आवाज आला तिथे फुली. मग फुली असलेल्या जागी जाड टोचणी खुपसली. काही ठिकाणी ती लोण्यात जावी तशी आत गेली.

निकाल असा: आढं उत्तम, तुळया उत्तम (सागाच्या आहेत, मला वाटलं होतं ऐनाच्या). चव्वेचाळीस वाशांपैकी तेरा गेलेले. त्यातल्या नऊंचं फक्त भिंतीत पुरलेलं टोक कुजलंय, बाकीचा वासा धड आहे. रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौलं बसतात) जवळजवळ सगळ्या बदलायच्या.

काकांनी एक गोष्ट दाखवली, ती मला कधी सुचली नसती. भुंगा लागलाय तो स्वयंपाकघरावरच्या वाशांना, आणि पिठासारखा भुसा पडतो तोही तिथेच. काका म्हणाले, चूल बंद होऊन किती वर्षं झाली? मी म्हटलं, गॅस आल्यापासून, पंधराएक वर्षं. ते म्हणाले, धूर होता तोवर किड्याला वर थारा नव्हता.

आणि गळती जिथे दिसते तिथे नसतेच! माजघरात पाणी पडायचं त्याचं मूळ सहा फूट वर, दोन पाखी जिथे मिळतात त्या खाचेत निघालं. तिथली जस्ती पत्र्याची पन्हळ सडलीये. पाणी तिथून शिरून वाशावरून ओघळत खाली यायचं. नऊ भांड्यांपैकी पाच त्या एका पन्हळीची. वानरांच्या नावावर उगीच सगळं गेलं.

दोन प्रश्न. वाशांसाठी लाकूड कुठलं? आणि पडवीवर जुना सिमेंटचा पत्रा आहे, तो फोडून काढायला गडी तयार आहेत, चालेल का?

कराडकर_सिव्हिल · २२ फेब्रुवारी

फोडू नका. हे ठळक लिहितोय. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. अखंड असतो तोवर त्रास कमी. फोडला, कापला, भोकं पाडली की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. दुखणं वीस-तीस वर्षांनी उमटतं, त्यामुळे गड्यांना वाटतं काही होत नाही. पत्रा पाण्याने भिजवा, बोल्ट कापून अखंड उतरवा, वरून फेकू नका. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा चांगला मास्क द्या. कपडे तिथेच धुवा. आणि तो पत्रा पुन्हा कोंबड्यांच्या खुराड्यावर वगैरे टाकू नका, आपल्याकडे हमखास तसं होतं.

कोयनाकाठ · २३ फेब्रुवारी

लाकडाचं सांगतो. शेताच्या बांधावर साग असेल म्हणून कुऱ्हाड लावू नका. स्वतःच्या मालकीचं झाड असलं तरी सागासारख्या झाडाला वनखात्याची परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला पास. माझ्या मेहुण्याचा टेम्पो अडकला होता. सोपा मार्ग म्हणजे जुनं लाकूड. पाडलेल्या घरांचे वासे विकायला असतात, पन्नास वर्षं वाळलेलं असतं, आता ते वळत नाही की आखडत नाही. ओलं निलगिरी स्वस्त मिळतं, पण दोन वर्षांत पिळा धरतं आणि वरची कौलं एका रेषेत राहत नाहीत.

टोक कुजलेल्या नऊ वाशांना टाकू नका. कुजकं कापा, बाजूने तेवढ्याच जाडीचा तुकडा तीन-चार फूट चिकटून घ्या आणि बोल्टने आवळा.

गावभाग_सांगली · २३ फेब्रुवारी

वर बघताना खालीही बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीएवढं होतं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही उत्साहाने छप्पर नवं केलं. दोन वर्षांनी मागची भिंत फुगली, कारण आतली माती पुरात धुऊन गेली होती आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. नवं छप्पर टेकू देऊन तोलायची वेळ आली. तुमच्याकडे पूर नाही, पण पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या बुडाशी पडतंय. तिथे ओल असेल तर आधी ती हटवा. पन्हळ लावून पाणी लांब न्या.

वाईकर_वाडा · २३ फेब्रुवारी

पागोळीवरून आठवलं. चुलतभावाचं घर लागून आहे का? आढं सामाईक आहे का? असेल तर काम सुरू व्हायच्या आधी दोघांनी बसून बोला, शक्यतो कागदावर. पाखीचा उतार चार बोटं बदलला तरी पाणी कुणाच्या अंगणात पडणार यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी आमच्याच आळीत बघितलंय.

मेढ्याची_लेक · २४ फेब्रुवारी

लागूनच आहे, आणि मधली भिंत सामाईक. आजच दादांना फोन करते.

शिराळा_पश्चिम · २५ फेब्रुवारी

ताई, पत्र्याचा आग्रह सोडला नाही, पण एक मधला रस्ता सांगतो. आमच्या भावकीत दोघांनी केलाय. वाशांवर आधी पत्रा, पत्र्यावर रिपा, रिपांवर कौलं. वानराने कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, आणि कौलामुळे पत्रा तापत नाही, आवाजही येत नाही.

कराडकर_सिव्हिल · २५ फेब्रुवारी

चांगला मार्ग आहे, पण तपशिलात फसतो. सपाट पत्रा वापरला तर आडव्या रिपा त्यावर बांधासारख्या बसतात. प्रत्येक रिपेमागे पाणी, माती, पाला साठतो आणि पत्रा तिथेच गंजतो. नागमोडी पत्रा घ्या, म्हणजे रिपा उंचवट्यावर टेकतील आणि पाणी खालच्या पन्हळीतून निघून जाईल. स्क्रू उंचवट्यावर, रबरी वायसरसकट, खोलगटात कधीही नाही. आणि आढ्यापाशी हवा जायला फट ठेवा, नाहीतर पत्र्याच्या पोटाला घाम धरेल आणि तो तुमच्या सागावर टपकेल.

वजन चौरस फुटाला जेमतेम अर्ध्या किलोने वाढतं. तुमच्या तुळया बघता ते चालेल.

मेढ्याची_लेक · ६ एप्रिल

पाडव्यानंतर काम सुरू केलं. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस येऊन बसला होता, त्यामुळे मृगाच्या भरवशावर राहायचं नाही असं काकांनी बजावलं. मेच्या पहिल्या आठवड्यात आत गेलं पाहिजे.

एकदम सगळं उघडं टाकलं नाही. एका वेळी एक पाखी, आणि ताडपत्री शेजारी घडी घालून तयार. तरी ३१ मार्चला दुपारी ढग भरून आले तेव्हा आम्ही सहा जण ताडपत्रीच्या कडा धरून उभे होतो. चुलतभाऊ न बोलावता धावत आला. सामाईक भिंतीबद्दल जे बोलायचं राहिलं होतं ते त्या ताडपत्रीखाली बोलून झालं. त्याच्या बाजूची पन्हळही आम्ही याच कामात करून देतोय.

कौलं उतरवताना बरीचशी "बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५ मँगलोर" असं कोरलेली निघाली. आईला सांगितलं, आपली कौलं दीडशे वर्षांपूर्वीची आहेत!

वाईकर_वाडा · ६ एप्रिल

ताई, १८६५ हे कारखाना निघाल्याचं साल. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो त्या वर्षी. पुढच्या अनेक वर्षांतल्या कौलांवरही तोच आकडा आहे. आजोबांनी घर बांधलं त्या सुमाराची असतील. तरीही जपा. पाठीवर बोटाच्या पेराने वाजवून बघा, घंटेसारखं खणकलं तर अजून दोन पिढ्या पुरेल. आवाज बसका आला तर केसाएवढी चीर आहे असं समजा.

मेढ्याची_लेक · ७ एप्रिल

आज दिवसभर तेच केलं. आई पाटावर बसली होती, मी एकेक कौल तिच्या हातात देत होते. तिचा कान माझ्याहून तयार निघाला. तारेच्या ब्रशने शेवाळ काढून सतराशेपैकी साडेतेराशे कौलं ठेवली, उरलेली जवळच्या गावात पाडलेल्या घरातून घेतली, नगाला बारा रुपये. मापात फरक असतो हे आधी माहीत नव्हतं. सहा कौलांचा नमुना घेऊन गेलो आणि खाचेत खाच बसते का ते तिथेच बघितलं. काकांनीही रिपांचं अंतर पुस्तकातून घेतलं नाही, आमची दहा कौलं जमिनीवर जुळवून मोजलं.

जतचा_माळ · ७ एप्रिल

आईला नमस्कार सांगा.

मेढ्याची_लेक · ९ मे

काम झालं. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना कळवायला हवं.

मुख्य घरावर नागमोडी पत्रा आणि त्यावर कौलं. पडवीवर नुसता पत्रा, जनावरांना आवाजाचं काही नाही आणि खाली गवताच्या पेंढ्या रचल्या की तापतही नाही. सिमेंटचा पत्रा भिजवून अखंड उतरवला. गड्यांनी सुरुवातीला मास्क घालायला नको म्हटलं, तेव्हा आईने त्यांना चहा द्यायचं थांबवलं. मग घातले.

आढ्यावरची कोनाची कौलं सिमेंटमध्ये न बसवता चुन्यात बसवली. काका म्हणाले, छप्पर उन्हापावसात हलतं, सिमेंट हलत नाही, म्हणून ते तडकतं. तेरा वाशांपैकी नऊ जोड देऊन वाचले, चार नवे, म्हणजे जुने, एका पाडलेल्या शाळेच्या खोलीचे. किडीचं औषध मारलं ते स्वयंपाकघरावरच्या वाशांना दोनदा. माजघरात दोन काचेची कौलं घातली. तिथे दिवसा दिवा लावावा लागायचा, आता सकाळी नऊला धान्याच्या कणगीवर उन्हाचा चौकोन पडतो.

आंब्याची आढ्यावर आलेली फांदी तोडली. वानरं आता सोप्याच्या बाजूने येतात, पण संख्या कमी आहे. एवढ्या दिवसांत चार कौलं फुटली.

खर्च पत्र्याच्या अंदाजाच्या दीडपट झाला. भावाने निम्मा उचलला. स्लॅबचं त्याने पुन्हा काढलं नाही. कराडकर दादांचे आकडे त्याने ऑफिसात छापून घेतले होते असं वहिनी म्हणाली.

परवा रात्री वळवाचा पाऊस आला, गारांसकट. मी आणि आई बॅटरी घेऊन माजघरभर फिरलो. खाचेच्या पन्हळीजवळ एकाच ठिकाणी ओल दिसली, तळहाताएवढी. सकाळी सातला काका आले, वर चढले, तिसऱ्या ओळीतलं एक कौल बोटभर वर सरकलं होतं ते खाली ओढलं आणि उतरून चहा प्यायले. आईने नऊच्या नऊ भांडी घासून मांडणीवर लावली आहेत.

कोयनाकाठ · ९ मे

मधला खांब ठेवलात ना?

मेढ्याची_लेक · ९ मे

ठेवला काका. आई त्यालाच टेकून बसते.